रायनोडीन ग्राही

स्नायुपेशीत साठवलेले कॅल्शियम पेशीद्रवात सोडणारी प्रथिनमार्गिका. तिचे नाव एका विषावरून पडले आहे. त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेतील रायनिया स्पेसिओझा या झुडपाच्या खोडाची व मुळांची भुकटी कीटकनाशक म्हणून वापरत. तिच्यातील रायनोडीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील नत्रयुक्त द्रव्य) १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. पुढे ते ज्या प्रथिनाला घट्ट चिकटते, त्यालाच हे नाव मिळाले.

विश्रांतीतील स्नायुपेशीच्या पेशीद्रवात कॅल्शियम अत्यल्प असते. पेशीबाहेर ते सुमारे दहा हजार पट असते. आकुंचनासाठी लागणारे बहुतेक कॅल्शियम मात्र आतल्या सार्कोप्लाझ्मिक जालिकेतून, म्हणजे पेशीतील पिशव्या-नळ्यांच्या जाळ्यातून, येते आणि त्या साठ्याचे दार म्हणजे हा ग्राही. चार सारख्या, प्रत्येकी सुमारे पाच हजार ॲमिनो आम्लांच्या घटकांचा हा रेणू ज्ञात आयन मार्गिकांमध्ये सर्वांत मोठा आहे. हाडांना जोडलेल्या स्नायूंत पेशीपटलावरील एल प्रकारची कॅल्शियम मार्गिका विद्युत बदल ओळखून हे दार जणू हाताने ढकलते. बाहेरचे कॅल्शियम आत यावेच लागते असे नाही. हृदयात ते यावे लागते. आत शिरलेले थोडेसे कॅल्शियम साठ्यातले बरेच कॅल्शियम मोकळे करते. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात बेडकाचे हृदय थांबते, हे ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्येच दाखवले होते. तेही कॅल्शियम असलेल्या नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर लक्षात आले म्हणून.

रायनोडीन अल्प मात्रेत ही मार्गिका अर्धवट उघडी अडकवून ठेवते, मोठ्या मात्रेत ती बंद करते. उघड्या दाराचा परिणामही सगळीकडे सारखा नसतो. हाडांचे स्नायू आखडून ताठ होतात. हृदयाच्या स्नायूत मात्र गळलेले कॅल्शियम पेशीबाहेर टाकले जाते, साठा रिकामा होतो आणि आकुंचन दुबळे पडते. फ्लुबेंडायमाइडसारखी अलीकडची कृत्रिम कीटकनाशके कीटकांच्या याच ग्राहीवर काम करतात. सस्तन प्राण्यांच्या ग्राहीवर त्यांचा प्रभाव फारच कमी असतो.

कॉफीची तरतरी कॅफीनच्या याच ग्राहीवरील परिणामामुळे येते, हा गैरसमज आहे. प्रयोगशाळेत ते ग्राहीला कॅल्शियमबाबत इतके संवेदनशील करते की विद्युत संकेताशिवायही स्नायू आखडतो. पण त्यासाठी लिटरमागे काही मिलिमोल कॅफीन लागते. कपभर कॉफीने रक्तात येणारे प्रमाण त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, आणि कॉफीने येणारी तरतरी मुख्यतः मेंदूतील ॲडेनोसीन या मरगळ आणणाऱ्या द्रव्याचे ग्राही अडवल्यामुळे असते. कॅफीनने स्नायू आखडण्याचा हा प्रयोग निदानात मात्र कामी येतो. घातक अतिज्वर या आनुवंशिक विकारात, बहुधा ग्राहीच्या जनुकातील दोषामुळे, हॅलोथेनसारख्या भूलद्रव्याने कॅल्शियम अनावर सुटते. अशा व्यक्तीच्या स्नायूचा तुकडा कमी कॅफीननेही आखडतो. यावरचे औषध डॅन्ट्रोलीन, ग्राहीतून होणारी गळती रोखते.

काही द्रव्ये कॅल्शियमच्या या साखळीतील दुसऱ्याच कड्यांवर काम करतात. एफेड्रा वनस्पतीतील एफेड्रीन या ग्राहीला थेट हात लावत नाही. त्याने नॉरॲड्रेनलीन या चेतातंतूंतून सुटणाऱ्या उत्तेजक द्रव्याचा प्रभाव वाढतो, त्यातून हृदयपेशीतील एल मार्गिका अधिक उघडतात आणि ठोका जोरकस होतो. उलट दिशेचे उदाहरण व्हेरापामिलचे. अफूतील पापाव्हेरीनच्या धर्तीवर बनवलेले हे औषध एल मार्गिका अडवते. हा गुण जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात उलगडला. थाप्सिया गार्गानिका या वनस्पतीतील थाप्सिगार्जिन कोणतेच दार उघडत वा लावत नाही. ते साठा पुन्हा भरणारा पंपच बंद पाडते.