हिदेतोशी नाकाता अजूनही आघाडीवर का?

जपानच्या लाडक्या फुटबॉलपटूंची क्रमवारी कुणीही लावो, २००६ साली बूट काढून ठेवलेल्या हिदेतोशी नाकाताचं नाव त्यात वर असतंच. नुसते आकडे पाहिले तर हे कोडं वाटेल. देशाकडून ७७ सामने आणि फक्त ११ गोल. शिंजी ओकाझाकीचे ५० आहेत, केइसुके होंडाचे ३७. कुनिशिगे कामामोतोनं तर १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकट्यानं सात गोल करून जपानला कांस्यपदक मिळवून दिलं होतं.

नाकाताची लोकप्रियता समजायला काळ बघावा लागतो. जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली १९९३मध्ये; तोवर तिथला फुटबॉल कंपन्यांच्या संघांपुरताच होता. जपान वर्ल्ड कपला पहिल्यांदा पात्र ठरला तो नोव्हेंबर १९९७मध्ये, मलेशियातल्या जोहोर बारूला इराणविरुद्ध जादा वेळेत ३-२ असा जिंकून. नाकाताचा फटका गोलरक्षकानं अडवला आणि परत आलेला चेंडू सहकारी ओकानोनं जाळ्यात ढकलला. १९९८च्या फ्रान्समधल्या त्या वर्ल्ड कपमध्ये जपान तिन्ही सामने हरला खरा, पण त्याच उन्हाळ्यात इटलीच्या पेरुजा क्लबनं या एकवीस वर्षांच्या पोराला उचललं. जपानमध्ये शर्ट खपावेत म्हणून आणलाय, अशी कुजबुज होतीच. पहिल्याच लीग सामन्यात त्यानं युव्हेंटसविरुद्ध दोन गोल ठोकले. पेरुजा ३-४ हरला, पण नाकाता काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. त्या मोसमात त्याचे दहा गोल झाले, तेही जगातल्या सर्वांत कडक बचावाच्या लीगमध्ये.

माझ्या मते त्याचं खरं स्थान पक्कं झालं ६ मे २००१ला, तूरिनमध्ये. तोवर तो रोमा क्लबकडे आला होता आणि सामना होता युव्हेंटसशी. रोमा लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर, युव्हेंटस पाठलागावर. युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादा जेमतेम काही दिवस आधी उठली होती, नाहीतर नाकाता त्या दिवशी खेळलाच नसता. सहा मिनिटांत रोमा ०-२ मागे. तासाभरानं प्रशिक्षक कापेलोनं चक्क तोत्तीला, रोमाच्या दैवताला, बाहेर बोलावून नाकाताला उतरवलं. त्यानं लांबून एक सणसणीत गोल केला. मग अगदी शेवटी त्याचाच फटका गोलरक्षकाच्या हातून सुटला आणि मोंतेल्लानं बरोबरी साधली. रोमानं ती लीग अवघ्या दोन गुणांनी जिंकली.

२००४मध्ये पेलेनं निवडलेल्या हयात महान खेळाडूंच्या यादीत तो एकमेव जपानी होता. दोनच वर्षांनी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यानं स्वतःच्या संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर केली. उतरणीला लागलेला नाकाता फारसा कुणी पाहिलाच नाही; हेही त्याच्या पथ्यावर पडलं असं मला वाटतं. नंतर प्रशिक्षक न होता तो जपानभर फिरला, कारागिरांना आणि साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्यांना भेटला. त्यामुळे फुटबॉल न पाहणाऱ्या लोकांनाही तो माहीत झाला.

नाकाताच्या निवृत्तीच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळणाऱ्या जपानच्या शुन्सुके नाकामुरानं मँचेस्टर युनायटेडला फ्री-किकवर गोल मारला आणि चाहत्यांना नवा नायक मिळाला. पुढे कागावा आला, होंडा आला. आज विशीत असलेल्या जपानी प्रेक्षकानं नाकाताला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलंच नाही, त्याची पहिली पसंती वेगळी असणार.