रुग्णसेवेतले रोबो: ट्रे उचलला, माणूस राहिला

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या सिव्हिलमध्ये सलाईन आणि इंजेक्शन सिस्टर बघतात. पेशंटची कूस बदलणं, त्याला उठवून बसवणं, संडासला नेणं हे मात्र बहुतेक वेळा नातेवाइकांच्या वाट्याला येतं. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या पेशंटचा सोबती कॉटशेजारीच पथारी टाकतो. रोबोंचा इतिहास नेमका याच कामापाशी अडलेला आहे.

सुरुवात कारखान्यात झाली. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात बसला. त्यामागचे उद्योजक जोसेफ एंगलबर्गर पुढे रुग्णालयांकडे वळले. १९८८ मध्ये कनेटिकटमधल्या डॅनबरी हॉस्पिटलात त्यांचा ‘हेल्पमेट’ जेवणाचे ट्रे, औषधं, कागदपत्रं घेऊन फिरू लागला. माणसांच्या फेऱ्या वाचल्या, पण पेशंटला हात लावायचा प्रश्नच नव्हता. हेल्पमेटला हातच नव्हते!

म्हाताऱ्यांची संख्या वाढत चाललेल्या जपानला मात्र हातच हवे होते. रिकेन संस्थेने २००९ मध्ये अस्वलाच्या चेहऱ्याचा ‘रीबा’ दाखवला. तो ६१ किलोपर्यंतचा माणूस उचलायचा. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीची ताकद ८० किलोंवर गेली. २०१५ मध्ये ‘रोबेअर’ आला, आधीच्यांपेक्षा हलका, तरी वजन १४० किलो. माणूस उचलताना तोल जाऊ नये म्हणून यंत्राला बूड जड लागतं, आणि दोन कॉटांमधली जागा तर तेवढीच असते. शिवाय पेशंट घाबरून अंग ताठ करतो, दुखऱ्या बाजूला हात लागला की कळवळतो. सुनेला किंवा मुलाला हे न सांगता कळतं, यंत्राला त्यासाठी सेन्सर लागतात. रोबेअर प्रयोगशाळेबाहेर विक्रीला आलाच नाही. उलट काहीच न उचलणारा ‘पारो’, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी कुरवाळायचा, सील या समुद्री प्राण्याच्या रूपातला मऊ रोबो, २००५ पासून विकला जातोय.

आपल्याकडे रोबोंची चर्चा झाली ती कोरोनात. २०२० मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात आणि केरळात कळमशेरीच्या मेडिकल कॉलेजात जेवण-औषधं पोहोचवायला ते लावले गेले. म्हणजे काम पुन्हा हेल्पमेटचंच.

खान्देशातही रोबो आलाच तर आधी तो लॅबचे रिपोर्ट आणि औषधंच वाहील. तेही वाईट नाही, सिस्टरची पायपीट वाचेल. मात्र त्याला सपाट फरशी, चालू लिफ्ट आणि न जाणारी वीज लागेल. कूस बदलायला रात्री नातेवाइकालाच उठावं लागेल.