गाणं थांबतं, टीव्ही थांबत नाही

टीव्हीवर मॅच चालू आहे. स्वयंपाकघरात काम करतानाही समालोचन ऐकू यावं म्हणून तिथला वायरलेस स्पीकर ॲपमधून हॉलच्या साउंडबारसोबत, म्हणजे टीव्हीखालच्या लांबट स्पीकरसोबत, ग्रुप केला. हॉलमध्ये आवाज छान, स्वयंपाकघरातही छान. पण दोन खोल्यांमधल्या दारात उभं राहिलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. याच ग्रुपवर गाणी लावली, तर दारातही आवाज एकजीव येतो. स्पीकर तेच, वाय-फाय तेच, बिघाड कशातच नाही. फरक एवढाच, की गाण्याला थांबवून ठेवता येतं, टीव्हीला नाही.

आधी गाण्याचं बघू. इंटरनेटवरून गाणं वाजण्याच्या वेगापेक्षा भराभर येतं. स्पीकर पुढचे काही सेकंद साठवून ठेवतात. प्रत्येक तुकड्यावर तो नेमका कधी वाजवायचा याची वेळ लिहिलेली असते. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवायला सवड असते. खरी अडचण घड्याळांची. प्रत्येक स्पीकरमध्ये क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारं स्वतःचं घड्याळ असतं आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे चालत नाहीत. दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तरी मिनिटाला 3 आणि तासाला 180 मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणजे पहिल्या गाण्याला जुळलेले स्पीकर तासाभरात एकमेकांच्या मागेपुढे धावू लागतील. म्हणून ग्रुपमधला एक स्पीकर वेळेचा प्रमुख होतो आणि बाकीचे त्याला सारखी वेळ विचारत राहतात. प्रश्न गेला कधी, उत्तर आलं कधी, हे मोजायचं आणि त्यातला निम्मा वेळ प्रवासाचा धरून आपलं घड्याळ सरकवायचं. इंटरनेटवरच्या संगणकांची घड्याळं जुळवण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेल्या पद्धतीचं मूळही हेच. इतकी सुंदर युक्ती आपल्या दिवाणखान्यात दिवसभर राबत असते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टीव्हीच्या बाबतीत ही सवडच मिळत नाही. टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय एआरसी जोडणीच्या केबलमधून आवाज साउंडबारकडे येतो, तेव्हा त्याच क्षणाचं चित्र पडद्यावर उमटत असतं. साउंडबारने दोन सेकंद साठवण केली तर ओठ हलून गेल्यावर शब्द येतील. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते जाणवू लागतं; उशिरा आला तर मात्र साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात उगाच नाही. नदीच्या पलीकडे, शंभर मीटरवर कुणी धुणं आपटत असेल, तर आधी हात खाली आलेला दिसतो आणि आवाज सुमारे 0.3 सेकंदाने पोचतो, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटरच आहे. मागून येणारा आवाज मेंदूच्या ओळखीचा आहे. आधी येणारा आवाज निसर्गात नसतोच.

म्हणून साउंडबार मिळालेला आवाज जवळपास लगेच वाजवतो. त्याच हॉलमध्ये मागे ठेवलेले सराउंड स्पीकर त्याच्या बरोबरीने वाजावेत यासाठी खास सोय लागते. उदाहरणार्थ, सोनोस या स्पीकर कंपनीचा साउंडबार त्यांच्याशी 5 गिगाहर्ट्झवर थेट बोलतो, मध्ये राउटर येत नाही. स्वयंपाकघरातल्या स्पीकरला मात्र घरातल्या नेटवर्कवरून यावं लागतं. तिथे शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी, भिंती, चालू असलेला मायक्रोवेव्ह. थोडी साठवण ठेवली नाही तर आवाज तुटतो. ठेवली तर उशीर होतो. दारात ऐकू येणारा दुसरा शब्द म्हणजे ही साठवण.

मग मागचे स्पीकर किंचित मागेपुढे झाले तर? इथे कान मदतीला येतो. जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात दाखवलं, की साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज आपल्याला वेगळा ऐकू येत नाही. तो पहिल्यात मिसळतो आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने सगळा आवाज आल्यासारखा वाटतो. सोफ्यापासून एक स्पीकर तीन मीटर जास्त लांब असला तरी फरक 9 मिलिसेकंदांचाच पडतो.

त्यामुळे एकाच खोलीतले स्पीकर वेगळी खोली म्हणून ग्रुप करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ॲपमध्ये ते सराउंड म्हणूनच जोडावेत. दुसऱ्या खोलीत आवाज तुटत असेल तर ग्रुपचा विलंब वाढवावा. तिथे पडदा दिसत नाही, त्यामुळे बिघडत काहीच नाही. लिप-सिंकची, म्हणजे ओठ आणि आवाज जुळवायची, ॲपमधली पट्टी मात्र विचार करून वापरावी. ती आवाजाला मागे ढकलू शकते, पुढे आणू शकत नाही. आवाज आधीच उशिरा येत असेल तर ती शून्यावर ठेवून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जावं आणि तिथे डिजिटल आवाजाला काही विलंब दिलेला आहे का ते तपासावं.