डंपिंग ग्राउंडचं कॅपिंग वेगळं आणि बायोमायनिंग वेगळं

मुंबईत गोराईचं डंपिंग बंद झालं, नंतर मुलुंडचंही झालं, आणि दोन्ही वेळेला बातम्यांमध्ये "शास्त्रोक्त पद्धतीने" असंच छापून आलं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की दोन्हीकडे एकच काम झालं. तसं अजिबात नाहीये. गोराईचा कचरा आजही तिथंच आहे, फक्त त्याच्यावर झाकण आलंय आणि झाकणावर गवत. मुलुंडला कचऱ्याचा डोंगर खणायचा, चाळायचा आणि बाहेर न्यायचा असं ठरलं. पहिलं कॅपिंग, दुसरं बायोमायनिंग.

कॅपिंगमध्ये आधी डोंगराला नीट उतार देतात, कारण तो कधीही ढासळू शकतो, दिल्लीच्या गाझीपूरला सप्टेंबर २०१७ मध्ये ढिगाऱ्याचा मोठा भाग खाली आला आणि दोन माणसं गेली. मग वर थर चढवायचे. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये याची मापं दिली होती: ६० सेंटीमीटर चिकणमाती, जिच्यातून पाणी जवळपास झिरपतच नाही, त्यावर १५ सेंटीमीटर निचऱ्याचा थर आणि सगळ्यात वर ४५ सेंटीमीटर माती, जिच्यात गवत रुजतं. बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकची जाड शीटही अंथरतात. मुख्य उद्देश एवढाच की पावसाचं पाणी आत शिरू नये, कारण पाणी कचऱ्यातून खाली उतरलं की काळं घाण लीचेट तयार होतं आणि ते विहिरी, नाले, खाडी कशालाच सोडत नाही.

आतला ओला कचरा मात्र हवेशिवाय कुजतच राहतो आणि त्यातून मिथेन निघतो. म्हणून डोंगरात पाईप घालून गॅस बाहेर काढायचा आणि जाळायचा. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटीपेक्षा जास्त तापवतो, त्यामुळे जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड केला तरी फायदाच. गोराईला हेच केलं. १९७२ पासून २००७ पर्यंत तिथं कचरा पडत होता, जागा साधारण २० हेक्टर, आणि गॅस जाळल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटचे, म्हणजे प्रदूषण टाळल्याच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे, पैसे आशियाई विकास बँकेने आगाऊ दिले होते. त्या काळाच्या मानाने काम चांगलंच होतं.

पण झाकण वरून असतं, खालचं काय? आपल्याकडच्या जुन्या डंपिंगना तळाला लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, हा प्रकारच नाही, कचरा थेट जमिनीवर नाहीतर खाजणात टाकलेला, त्यामुळे वरून पाणी थांबलं तरी भूजल किंवा भरतीचं पाणी खालून-बाजूने लागतंच. २०१६ च्या नियमांत डंपिंग बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखभाल सांगितली होती, आणि जागा हळूहळू खचत राहते म्हणून तिथं बिल्डिंग वगैरे विसरा, फार तर बाग.

बायोमायनिंगला सुरुवात होते पोकलेनने. कचरा खणून त्याचे लांबलचक वरंबे करतात, त्यांना विंड्रो म्हणतात, त्यावर बायोकल्चर, म्हणजे कचरा कुजवणारे जिवाणू, फवारतात आणि अधूनमधून उलटेपालटे करत राहतात, म्हणजे आत हवा जाते, ओल कमी होते, वास बराच कमी होतो. काही आठवड्यांनी माल कोरडा झाला की ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या गोल चाळणीत टाकायचा. बाहेर येतं काय, तर बारीक माती, प्लास्टिक आणि चिंध्या, दगड-विटांचे तुकडे, थोडं लोखंड. प्लास्टिक-चिंध्यांचं आरडीएफ (कचऱ्यापासूनचं इंधन) होऊन सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, दगड-विटा भरावाला. इंदूरच्या देवगुराडियाला असा सुमारे १३ लाख टन कचरा २०१८ मध्ये हलवला आणि साधारण १०० एकर जागा मोकळी केली. तिथं महापालिकेने मशीनं भाड्याने घेतली, त्यामुळे खर्च १० कोटींच्या आतच राहिला असं सांगतात. मुलुंडला मात्र १९६७ पासूनचा सुमारे ७० लाख टन कचरा, ठेका ७०० कोटींच्या वर, मुदत सहा वर्षांची आणि ती पुढे वाढवावी लागली. पावसाळ्यात ओला माल चाळणीत चिकटून बसतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर काम रडतखडतच चालतं. ठेकेदार "सहा महिन्यात करतो" म्हणाला की आधी त्या सहा महिन्यांत पावसाळा येतो का ते बघा.

कायद्याने कोणाची बाजू घेतली हे स्पष्ट आहे. २०१६ च्या नियमांनी सांगितलं की आधी बायोमायनिंग होतं का तपासा, शक्य असेल तिथं तेच करा, अजिबात शक्य नसेल तरच कॅपिंग. २०१९ मध्ये सीपीसीबीने, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने, जुन्या कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, एनजीटीनेही, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादानेही, त्याच वर्षी रेटा लावला, आणि २०२१ च्या स्वच्छ भारत मिशन २.० मधून त्याला पैसा मिळायला लागला. तत्त्व म्हणून मलाही हेच पटतं, कारण झाकून ठेवलेला कचरा पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतो. पण खरी गोम त्या बारीक मातीत आहे.

चाळून निघालेल्या मालात ही मातीच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त भरते, आणि तिला सर्रास "खत" म्हणून खपवायचा मोह होतो. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी दिल्लीचं ओखला, हैदराबादचं जवाहरनगर आणि कडप्पा इथल्या डंपिंगची अशी माती तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले, त्यात जड धातू, क्षार आणि पाण्यात उतरणारा रंग हे सगळं आसपासच्या साध्या मातीपेक्षा वाढलेलं निघालं. म्हणजे ती शेतात जाऊ नयेच, आणि खड्डे बुजवायलाही तपासल्याशिवाय, ट्रीटमेंटशिवाय नको. हीच माती रात्री ट्रक भरून गावाबाहेरच्या खाणीत रिकामी केली तर एका मोठ्या डंपिंगची दहा लहान डंपिंगं झाली, आणि त्यांच्यावर तर साधं झाकणही नाही! असं होणार असेल तर मला प्रामाणिक कॅपिंग परवडेल. जवाहरनगरचा मोठा डोंगर शेवटी कॅपच केला गेला.

खणण्याचे आणखी त्रासही आहेत. डोंगर उघडला की आत साठलेला गॅस सुटतो, आगी लागतात, धूळ उडते, शेजारच्या वस्तीला काही वर्षं जास्तच भोगावं लागतं. कॅपिंगमध्ये हा भाग बराच कमी.

तुमच्या गावात यातलं नेमकं काय चाललंय हे टेंडरवरून लगेच कळतं. लायनर, गॅसचे पाईप, चिकणमाती दिसली तर कॅपिंग. टनामागे किंवा घनमीटरमागे दर दिसला तर बायोमायनिंग, आणि तिथं वजनकाट्याच्या पावत्या मागायच्या: किती टन खणलं, किती टन आरडीएफ कुठल्या सिमेंट कंपनीला गेलं, माती कुठं गेली. सुकल्यामुळे थोडी घट येणारच, पण निम्मा माल कागदावरून गायब असेल तर तो बहुधा खणलेलाच नाही, नाहीतर जायला नको तिथं गेलाय. आणि त्याच डोंगरावर रोजच्या नव्या गाड्या अजून रिकाम्या होत असतील तर एकीकडून चाळणी आणि दुसरीकडून भर असं चालू राहतं, फक्त ठेक्याची मुदत वाढत जाते.