लाल दिसलं म्हणजे तांबं मिसळलं, असं नाही

'सोनं कितीही बारीक करा, पिवळंच राहणार. लाल दिसलं की त्यात तांबं आलंच.' नाशिकच्या सराफ बाजारात हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. दागिन्यापुरतं ते खरं आहे, तांबं वाढलं की सोन्यावर लाली चढते. पण कण 20 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा काही हजार पटींनी लहान झाला, की शुद्ध सोनंच माणकासारखं लाल दिसतं.

प्रकाश पडला की कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावे घेतात. पाण्यातल्या अशा कणांची लय 520 नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो, लाल पलीकडे निघून जातो. तेच कण काचेवर अगदी दाटीनं बसवले, की शेजारशेजारचे हेलकावे एकमेकांत गुंततात आणि लेप निळसर-जांभळा होतो. चांदीचे कण तर पिवळे दिसतात!

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं लाल सोन्याचा अभ्यास 1857 मध्येच मांडला होता. मेडिकलमधून आणलेल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर थेंब टाका. पांढऱ्यावरून गुलाबी ओल हळूहळू सरकत जाते, मग लालसर रेघ उमटते. अशा अनेक पट्ट्यांत ती रेघ सोन्याच्या कणांचीच असते.