ग्रँडफादर की बूटस्ट्रॅप? कालप्रवासातले दोन वेगळे पेच

कालप्रवासाच्या सिरीजमध्ये डोकं चक्रावणारं काहीही घडलं की आपण त्याला सरसकट ‘पॅराडॉक्स’ म्हणतो. नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर ‘डार्क’ या जर्मन सिरीजवरून वाद रंगला की हा शब्द दर दोन वाक्यांआड येतो, आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. खरं तर हे दोन पेच आहेत: ग्रँडफादर पॅराडॉक्स आणि बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स. ते वेगळे करता आले, तर कोणती कथा नियतीची आणि कोणती पर्यायी भविष्याची, हेही उलगडतं.

आपल्या नागपूरच्याच इतिहासात दोन्ही घडवून पाहू. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या बाजूने इंग्रजांशी लढणाऱ्या अरबांनी दुसऱ्या दिवशी दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी घेतली होती. मग इंग्रजांच्या घोडदळाने हल्ला चढवला आणि लढाईचं पारडं फिरलं. पुढे १८५३मध्ये तिसरे रघुजी वारले, त्यानंतरच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि १८६७मध्ये इंग्रजांची रेल्वे नागपुरात पोचली.

समजा, आजच्या महाल भागातला एक तरुण १८१७मध्ये जातो आणि अरबांना घोडदळाची आधीच खबर देतो. भोसले जिंकतात, राज्य टिकतं, इंग्रजांची ती रेल्वे येत नाही. पण त्याचे खापरपणजोबा रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरात आले होते आणि त्यांचं लग्न इथेच जुळलं होतं. आता ते आपल्या गावीच राहिले. म्हणजे हा तरुण जन्मलाच नाही. मग खबर दिली कोणी? कोणीच दिली नसेल तर इंग्रज जिंकतात, रेल्वे येते, तो जन्मतो आणि पुन्हा खबर द्यायला निघतो. एकच गोष्ट घडलीही आणि घडली नाहीही. हा ग्रँडफादर पॅराडॉक्स. आजोबांना मारण्याची गरज नाही, स्वतःच्या येण्याचं कारण पुसलं की पुरे.

आता दुसरी कथा. त्याच तरुणाला घरच्या माळ्यावर एका जुन्या बाडात या लढाईचा पोवाडा सापडतो. तो पोवाडा पाठ करून तो १८१७मध्ये जातो आणि एका शाहिराला ऐकवतो. शाहीर तो गाऊ लागतो, त्याचा शिष्य लिहून घेतो, आणि ते बाड पिढ्यान्‌पिढ्या फिरत त्याच माळ्यावर येतं. इथे काहीही पुसलं गेलं नाही, कुठलीच घटना दुसरीला नाकारत नाही. फक्त पोवाडा रचला कोणी, याला उत्तर नाही. तरुणाने शाहिराकडून घेतला, शाहिराने तरुणाकडून. हा बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स, आणि नीट पाहिलं तर यात विसंगती नाहीच. आहे तो बिनउगमाचा फेरा.

पोवाडा ऐकवला म्हणून हे निभावतं. तरुणाने ते बाडच मागे नेलं असतं, तर कागद दर फेऱ्यात दोनशे वर्षांनी जुना व्हायला हवा, आणि तरी तो तितकाच जुना राहिला पाहिजे. ‘लॉस्ट’ या सिरीजमधल्या होकायंत्राची हीच अडचण आहे: रिचर्ड ते लॉकला देतो, लॉक १९५४मध्ये जाऊन रिचर्डला परत देतो, आणि ते कुठल्या कारखान्यात बनलं हा प्रश्नच उरत नाही. लोसेव आणि नोविकोव या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२मध्ये अशा वस्तूंना ‘जिन’ म्हटलं. मला माहितीचे फेरे वस्तूंच्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी पटणारे वाटतात.

फेरा जिथे येतो तिथे नियती येतेच. याच इगोर नोविकोव यांनी १९८०च्या दशकात मांडलेलं सुसंगतीचं तत्त्व सांगतं, की भूतकाळात जाऊन तुम्ही जे कराल ते भूतकाळात आधीच घडलेलं असतं. ‘डार्क’मध्ये (पाहिली नसेल तर इथून पुढे वाचू नका) नायक योनास वडिलांची आत्महत्या थांबवायला भूतकाळात जातो. त्यांच्या मनात तसं काहीच नसतं. योनासच त्यांना त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीबद्दल सांगतो, आणि तिथूनच सगळं सुरू होतं. परीक्षिताने शाप चुकवायला एकखांबी महाल बांधला, तरी तक्षक फळातली अळी होऊन आत आलाच. पण योनासची गत त्याहून क्रूर आहे. परीक्षिताच्या महालाने तक्षकाला बोलावलं नव्हतं, योनासच्या प्रयत्नाने मात्र मृत्यू घडवला.

ग्रँडफादरचा पेच लेखकाला असं थांबू देत नाही, त्याला वाट काढावीच लागते. ‘स्टार ट्रेक’च्या १९६७च्या एका गाजलेल्या भागात ईडिथ कीलरचा जीव वाचतो आणि जर्मनी महायुद्ध जिंकते. इतिहास पूर्ववत करायचा तर नायक कर्कला ती मरताना पाहावं लागतं. दुसरी वाट फांद्यांची: बदल केला की नवं जग फुटतं, जुनं तसंच राहतं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१मध्ये ह्यू एव्हरेटच्या १९५७च्या अनेक-विश्व कल्पनेचा आधार घेऊन हाच मार्ग सुचवला. ‘लोकी’ या सिरीजमध्ये अशा फांद्या छाटायला अख्खं खातं बसलेलं असतं. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत ज्या जगात जातात, तिथे विश्वासराव वाचतात आणि मराठे पानिपत जिंकतात.

फांद्यांची वाट तर्काला निर्दोष आहे, पण तिचा एक हिशेब सिरीज क्वचितच मांडतात. आपला तरुण भोसल्यांच्या विजयी नागपुरात सुखाने राहील, मात्र ज्या नागपूरसाठी तो निघाला तिथे १८१७चा पराभव जसाच्या तसा आहे. त्याने काहीच वाचवलेलं नाही. ज्या कथा हा प्रश्न टाळतात, त्या मला अर्धवट वाटतात.

‘डार्क’चा शेवट याच कसोटीवर पाहावा. शार्लोट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई आणि मुलगी असणं हा बूटस्ट्रॅपचा टोकाचा नमुना, आणि पहिले दोन सीझन अशाच फेऱ्यांवर उभे आहेत. तिसऱ्यात मात्र योनास आणि त्याची प्रेयसी मार्था मूळ जगात जाऊन घड्याळजी टानहाउसच्या मुलाचा अपघात टाळतात, आणि ज्या दोन जगांत ते जन्मले ती दोन्ही जगंच नाहीशी होतात. मग अपघात टाळला कोणी? हा शुद्ध ग्रँडफादर पॅराडॉक्स आहे, आणि सिरीज तो सोडवत नाही.