पगारवाढ, कराचे टप्पे आणि गोव्याचा नागरी कायदा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा माझा भाचा २०२५ च्या एप्रिलमध्ये फोंड्याला आमच्या घरी आला, तो वाढीचे पत्र हातात घेऊनच. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा सोडून त्याचा वार्षिक पगार १२ लाख ७५ हजारांवरून १३ लाख २५ हजार झाला होता, आणि लेखा विभागाने दिलेल्या अंदाजपत्रकात कराच्या रकान्यात शून्याऐवजी ५२ हजार रुपये आले होते. "मामा, वाढ ५० हजारांची आणि कर ५२ हजारांचा. ही वाढ नको म्हणून कळवू का?" असे त्याने विचारले. पगार वाढला की माणूस वरच्या टप्प्यात जातो आणि हातात येणारी रक्कम उलट कमी होते, हा समज नोकरदारांत सर्वत्र आहे. बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो, पण त्याला इतिहास आहे आणि म्हणून तो नुसता झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

१८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात आयकर आणला. पुढे १८८६ आणि १९२२ चे कायदे आले. त्या काळातील कराची आकारणी पायरीची होती. दर रुपयामागे इतकी पै (एका रुपयाचे १९२ पै) असा ठरलेला असे, आणि उत्पन्न एक पायरी चढले की वरचा दर केवळ वाढीव रकमेला न लागता पहिल्या रुपयापासून सगळ्या उत्पन्नाला लागे. समजा, दोन हजारांच्या आत रुपयाला पाच पै आणि दोन हजारांपासून सहा पै असा दर असेल, तर १,९९९ रुपयांवर सुमारे ५२ रुपये कर होतो आणि २,००० रुपयांवर साडेबासष्ट. कायद्याने वेगळी सवलत ठेवली नाही, तर एका रुपयाच्या वाढीपायी दहा रुपये जातात. आजच्या भीतीचे मूळ मला या हिशेबात दिसते. १९३९ मध्ये पायरीची पद्धत जाऊन टप्प्यांची पद्धत आली, आणि तेव्हापासून वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो.

गोव्याने पायरीची ही पद्धत कधी पाहिलीच नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १ एप्रिल १९६३ पासून भारताचा आयकर कायदा येथे लागू झाला, तो टप्प्यांसहच. पुढच्या दशकात दर फार चढले. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरचा दर ८५ टक्के होता आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के. इतका जबर कर असूनही वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये माणसाच्या हातात राहत, म्हणजे पगारवाढीने नुकसान तेव्हाही होत नव्हते. १९९७ च्या अर्थसंकल्पाने दर १०, २० आणि ३० टक्क्यांवर आणले.

पायरी परत आली ती सवलतीच्या वाटेने. २०१३ मध्ये कलम ८७अ कायद्यात घालण्यात आले, ज्यानुसार पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना करात दोन हजारांपर्यंत सूट मिळू लागली. रक्कम लहान होती तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. २०१९ मध्ये ती साडेबारा हजार झाली. आता करपात्र उत्पन्न बरोबर पाच लाख असेल तर कर शून्य, आणि पाच लाख एक हजार असेल तर करावरच्या चार टक्के उपकरासह १३,२०८ रुपये. हजार रुपये जास्त मिळाले म्हणून बारा हजारांहून अधिक गमावण्याची ही वेळ खरोखरच येत होती, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांवर ती अजूनही येते. त्या वर्षांत मार्च महिन्यात पाचशे-हजारांची गुंतवणूक शोधत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचा हिशेब मुळीच चुकलेला नव्हता.

२०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३ पासून, वेगळा पर्याय न दिल्यास, आपोआप लागू होऊ लागली. तिच्यातील सूट सात लाखांपर्यंत नेताना सरकारने सीमांत सवलतही दिली. मर्यादेच्या वर जितके उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही, असा तिचा अर्थ. २०२५-२६ पासून ही मर्यादा बारा लाख आहे आणि नोकरदारांना त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणून नुसता पगार धरला तर भाच्याचे १२ लाख ७५ हजार त्या वर्षी पूर्ण करमुक्त ठरले असते. वाढीनंतर करपात्र उत्पन्न साडेबारा लाख झाले. टप्प्यांनुसार त्यावर ६७,५०० रुपये कर होतो, पण सीमांत सवलतीमुळे तो ५० हजारांवर थांबतो. त्यावर चार टक्के उपकराचे दोन हजार चढतात, कारण सवलत मूळ कराला आहे, उपकराला नाही. नुसत्या पगाराच्या या हिशेबात, त्या दोन हजारांपुरती भाच्याची तक्रार अक्षरशः खरी होती. हा चिंचोळा पट्टा करपात्र १२ लाख ७० हजारांच्या थोडा पुढे संपतो. पगार १४ लाख ७५ हजार झाला असता तर कर ९३,६०० रुपये बसला असता आणि दोन लाखांच्या वाढीतले १,०६,४०० रुपये त्याच्या हातात राहिले असते.

मात्र लेखा विभागाच्या त्या कागदावर एक गोष्ट नव्हती, आणि ती गोव्याखेरीज फक्त दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतच आढळते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता १८६७ ची. तिच्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. अशा जोडप्याच्या उत्पन्नाची करासाठी विभागणी कशी करायची, हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर १९९४ च्या वित्त अधिनियमाने कलम ५अ घातले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे गोव्यात आयकर आला त्या दिवसापासून, लागू मानले. व्याज, भाडे, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे सारे दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावावर राहतो. यामुळे येथे पगारवाढीचा भार एकट्यावर पडतो आणि बाकीच्या उत्पन्नाचा दोघांवर. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही विभागणी कायम आहे. ज्याला ती लागू होते त्याला आयटीआर-१ हे साधे विवरणपत्र चालत नाही, आणि विवरणपत्रात जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो.

भाच्याची बायको घरी शिकवण्या घेते. वर्षाला तिला त्यातून खर्च वजा जाता १ लाख २० हजार मिळतात. लग्नाची नोंदणी करताना दोघांनी वेगळा करार केलेला नाही, त्यामुळे त्यातले ६० हजार कायद्याने भाच्याच्या उत्पन्नात धरावे लागतात. म्हणजे जुन्या पगारावरही त्याचे त्या वर्षीचे करपात्र उत्पन्न १२ लाख ६० हजार झाले असते आणि उपकरासह ६२,४०० रुपये कर देणे भागच पडले असते. कंपनीला याची कल्पना नसल्याने तिने शून्य दाखवले. वाढीनंतर उत्पन्न १३ लाख १० हजार आणि कर ७९,५६० रुपये. फरक १७,१६० रुपयांचा, तेव्हा ५० हजारांच्या वाढीतले ३२,८४० रुपये त्याच्याकडे राहतात. कंपनी पगारातून ५२ हजारच कापणार असल्यामुळे उरलेले २७,५६० रुपये त्याला आगाऊ कर म्हणून स्वतः भरावे लागतील, किंवा शिकवण्यांचे उत्पन्न कंपनीला लेखी कळवून दरमहा कापून घ्यावे लागतील. त्याने दुसरा मार्ग निवडला आणि वाढीचे पत्र सही करून परत नेले.